सगळी मुलं सारखी

परीक्षा संपल्या की इंदूरच्या राजेंद्र नगरातल्या बाल्कन्यांमध्ये सुटकेसी उन्हाला पडतात. वर्षभर माळ्यावर राहून त्यांना कुबट वास लागलेला असतो, तो जावा म्हणून बायका त्यांची तोंडं उघडी ठेवतात. आमच्या इमारतीतली पोरं जिन्यात ओरडत सुटतात. कोणी नागपूरला, कोणी पुण्याला, कोणी नुसतं उज्जैनला आत्याकडे. मी पलासियाला एका क्लासमध्ये गणित शिकवते, तिथेही या दिवसांत बाकं रिकामी होतात. लोक विचारतात, मॅडम, तुम्ही नाही जात कुठे? मी म्हणते, एकदा गेले होते, तेवढं पुरे झालं. त्यांना वाटतं मी गंमत करतेय.

मी अकरा वर्षांची असताना माझीही सुटकेस अशी उन्हाला पडली होती. आई-बाबांना अंदमानातल्या एका लहानशा बेटावर जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. ते दोघं मिशनचे. मिशन म्हणजे इथली आपलीच एक संस्था. सकाळ-संध्याकाळ प्रार्थना, गोरगरिबांसाठी शाळा आणि वर्षातून एकदा छापील अहवाल. मिशननं त्या बेटावर शाळा आणि वसतिगृह काढायचं ठरवलं. तिथल्या मुलांना आई-वडिलांची माया मिळाली पाहिजे, म्हणून एकटा सेवक न पाठवता जोडपंच पाठवायचं असं ठरलं, आणि माझ्या आई-बाबांनी नाव दिलं. निरोपाच्या सभेत मी पहिल्या रांगेत बसले होते. एक काकू डोळे पुसत म्हणाल्या, "केवढा हो त्याग!" त्याग नेमका कोणाचा, हे कोणी विचारलं नाही. हार दोनच आणले होते.

मला काका-काकूंकडे ठेवलं गेलं. बेटावर मलेरिया असतो, लहान मुलीला नेणं बरं नव्हे, असं बाबांनी सांगितलं. तिथली मुलं मलेरियाला काय लागत होती ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मलाही तेव्हा सुचलं नाही. काका-काकूंना मूलबाळ नव्हतं. त्यामुळे मला त्यांच्याकडे ठेवणं हा त्यांच्यावर उपकारच आहे, असं आईनं परस्पर ठरवून टाकलं. काकूनं खरोखरच उपकार मानले. ती मला रोज सकाळी पोह्यांवर लिंबू पिळून द्यायची आणि मी खाईपर्यंत समोर बसायची. मी तिला एवढ्या महिन्यांत एकही गोड शब्द दिला नाही. माझे गोड शब्द मी बेटासाठी जपून ठेवले होते.

कारण मी मनाशी पक्कं केलं होतं. सुट्टीत बेटावर जायचं आणि परत यायचंच नाही. तिथे एवढं शहाण्यासारखं वागायचं की आईच म्हणेल, राहा बाई इथंच. काकूला याचा पत्ता नव्हता. ती बिचारी सुटकेसीत रतलामी सेव भरत होती. "तिकडे काय मिळतं काय नाही, भगवान जाने. हे नीचे ठेवते, सगळ्यांना दाखवत बसू नकोस," ती म्हणाली. काका मला स्टेशनवर सोडायला आले. कुलीला म्हणाले, "भिया, जरा संभालके, बच्ची का सामान है." मग माझ्याकडे वळून, "मजे कर बेटा. पण वापस येशील ना टाइमावर? तुझ्या काकूचं मन नाही लागत गं." मी मान डोलावली. सोबत मिशनचे एक म्हातारे कार्यकर्ते होते. ते कलकत्त्यापर्यंत झोपले आणि जहाजात बसल्यापासून ओकत राहिले.

समुद्राबद्दल लोक फार काय काय लिहितात. मला तो आवडला नाही. त्याला मधे काही नाही. मुख्य बंदरातून आम्ही लहान बोटीत बसलो, आणि दुपारी ते बेट दिसलं. आधी नुसतं हिरवं, मग नारळ, मग लाकडी धक्का. धक्क्यावर पांढऱ्या सदऱ्यातली मुलंमुली रांगेत उभी होती आणि स्वागतगीत म्हणत होती. त्यांच्या शेवटी माझी आई. काळवंडलेली, हडकलेली, केस कापलेले. मी बोटीतून उतरताच धावत सुटले. आईनं हात पुढे केले ते मला धरायला नव्हे, हातात हार होता. तिनं तो माझ्या गळ्यात घातला, कपाळाला टिळा लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बच्चों, ये रेवा दीदी हैं. इंदौर से आई हैं. छुट्टियों में हमारे साथ रहेंगी."

एवढंच. कोणाची कोण, ते काही नाही. मी तिच्या कमरेला मिठी मारली तेव्हा तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि तो तसाच पुढे नेऊन शेजारच्या मुलीच्या डोक्यावरून फिरवला. मग तिच्या शेजारचीच्या. बाबा मागे उभे होते. खाली वाकून हळूच म्हणाले, "रेवा, इथे सगळी मुलं सारखी. तू समजूतदार आहेस." समजूतदार हा शब्द मोठी माणसं लहानांना कधी वापरतात, हे मला त्या क्षणापासून कळतं.

सारखी म्हणजे किती सारखी, ते संध्याकाळपर्यंत उमगलं. मला झोपायला मुलींच्या खोलीत खाली एक चटई मिळाली, कारण पलंग मोजकेच होते आणि पाहुण्यांसाठी नव्हते. माझी सुटकेस सर्वांसमोर उघडण्यात आली आणि काकूची सेव चिमूट चिमूट करून वाटली गेली. माझ्या वाट्याला चिमूटभर आली ती शेवटी. कारण वाढताना आपल्या माणसाला शेवटी वाढायचं, हा आईचा नियम. नाहीतर मुलांना वाटेल पक्षपात होतोय. मी तिला "आई गं" म्हणून मराठीत काही सांगायला गेले तर तिनं ओठांवर बोट ठेवलं. "सबके सामने हिंदी, रेवा. नहीं तो बच्चों को लगेगा हम दोनों कुछ अलग बोल रहे हैं." आणि ती सगळी चाळीस मुलं तिला हाक काय मारत होती? 'आई'. बेटावर हा एकच मराठी शब्द चालायचा.

त्या दोघांना बेट मानवलं होतं असं मात्र मुळीच नाही. हे मला तेव्हाही दिसत होतं आणि त्याचा मला आसुरी आनंद व्हायचा. हवा इतकी दमट की मिठाच्या बरणीत पाणी व्हायचं. बाबांच्या चामडी चपलांना हिरवी बुरशी आली होती. आई पोळ्या लाटायची तर कणकेत सोंडे फिरत असायचे. वाळूतल्या बारीक माश्या पायांना चावून चावून फोड आणायच्या आणि बाबा प्रार्थनेत डोळे मिटून बसल्या बसल्या पोटऱ्या खाजवायचे. पत्र्याच्या छतावर नारळ पडला की आई अजून दचकायची. मिशनच्या अहवालात मात्र छापून आलं की दांपत्य बेटाशी एकरूप झालं आहे. तो अहवाल मी नंतर वाचला. फोटोत बाबांच्या पायात मोजे आहेत.

आणि सर्वांत कहर म्हणजे जेवण. मिशनचा स्वयंपाक शाकाहारी. तो इंदूरला शाकाहारी होता म्हणून बेटावरही शाकाहारी. चारी बाजूंनी मासळीनं भरलेला समुद्र आणि मधे माझी आई बोटीतून येणाऱ्या बटाट्यांची वाट बघत उभी. बटाटे येईपर्यंत त्यांना कोंब फुटलेले असायचे. बोट चुकली की नुसती डाळ आणि भात, डाळही हळूहळू पातळ होत जायची. कोळ्यांची, लाकूडतोड्यांची ती मुलं, जन्मापासून मासे खाऊन वाढलेली. ती प्रार्थना म्हणून डाळ-भात गिळायची आणि रात्री पोट धरून झोपायची. बाबा म्हणायचे, संस्कार लागायला वेळ लागतो. मुलांच्या बरगड्या दिसायला तेवढा वेळ लागला नव्हता.

फुलमनीची आणि माझी ओळख याच भानगडीत झाली. ती माझ्याच वयाची. तिचे आजोबा कधीकाळी रांचीकडून जंगलतोडीला आलेले. आई नव्हती, बाप लाकडाच्या ठेक्यावर महिना महिना बाहेर, घरी एक आंधळी आजी. ती वसतिगृहात नव्हती. रोज सकाळी जंगलातल्या वाटेनं शाळेत यायची आणि संध्याकाळी परत जायची. एकदा दुपारी तिनं मला खुणेनं दगडांमागे बोलावलं. काटक्या पेटवून तिनं खेकडे भाजले होते. नांगी फोडून आतलं पांढरं मांस माझ्या हातावर ठेवत म्हणाली, "खा ले. आई को मत बोलना." मी ब्राह्मणाची पोर, अंडंसुद्धा न शिवलेली. ते मांस तोंडात घातलं आणि त्या बेटावर पहिल्यांदा माझं पोट भरलं. बोटं चाटताना तिनं मला विचारलं, "तेरी माँ है?" मी म्हटलं, "है." "किधर?" मी रिकामी नांगी चोखत राहिले. तिला वाटलं मेली असेल. तिनं मला आणखी एक नांगी दिली.

आईपर्यंत पोचायचे दोनच रस्ते होते. पहिला वेणीचा. रोज सकाळी आई पडवीत बसून मुलींच्या वेण्या घालायची. मुली रांगेत बसायच्या, आणि प्रार्थनेची घंटा होईपर्यंत जेवढ्यांच्या होतील तेवढ्या. राहिलेल्यांनी एकमेकींच्या घालायच्या. मी उजाडायच्या आधी उठून रांगेत पहिली जाऊन बसले. आई म्हणाली, "रेवा, तुम बड़ी हो, पीछे जाओ, छोटी बच्चियाँ पहले." मी मागे गेले. माझा नंबर यायला आणि घंटा व्हायला एकच गाठ पडायची. ज्या दोन-तीन दिवशी तो आला, त्या दिवशी मी मान मुद्दाम वाकडी करायचे, म्हणजे ती पुन्हा सोडून पुन्हा घालेल. ती पुन्हा घालायची नाही. वाकडी वेणी घेऊन मी दिवसभर हिंडायचे आणि रात्री सोडताना मला रडू यायचं.

दुसरा रस्ता आजारपणाचा. ताप आलेल्या मुलाला आई-बाबांच्या खोलीत झोपवायचे, आईच्या खाटेशेजारी. मी तापाच्या मागे लागले. भर उन्हात डोकं न झाकता बसले. डबक्यातलं पाणी प्यायले. मच्छरदाणीबाहेर पाय काढून झोपले. काही होईना. सराफा बाजारातल्या रात्रीच्या खाण्यावर वाढलेलं इंदुरी पोट, त्याला डबक्यातल्या पाण्याचं काय कौतुक! इतर मुलं मात्र पटापट आजारी पडत होती आणि एकेक रात्र माझ्या आईशेजारी झोपून बरी होत होती. मी चटईवर पडून त्यांना शिव्या देत असे. इंदुरी शिव्या, काकांकडून शिकलेल्या.

मग एक पलंग रिकामा झाला.

एका मुलीचा बाप आला, मासेमारी करणारा. पोरीला उचलून त्यानं वजनाचा अंदाज घेतला आणि बाबांना म्हणाला, "मास्टरजी, बच्ची तो सूख गई. पढ़ाई रहने दो." आणि तिला खांद्यावर टाकून चालता झाला. बाबांनी हजेरीपटातलं तिचं नाव खोडलं. मला मात्र रात्रभर झोप आली नाही. पलंग! मला तेवढाच हवा होता. पाहुणी म्हणून राहता येत नाही तर वसतिगृहातली मुलगी म्हणून राहीन. चाळिसांतली एक तर चाळिसांतली एक. चाळिसावा हिस्सा आई मिळाली तरी इंदूरपेक्षा जास्तच होती.

प्रवेशाचा रिवाज असा की मुलानं स्वतः बाबांच्या टेबलासमोर उभं राहून मागायचं, आणि बाबा सगळ्यांना तेच प्रश्न विचारायचे. ज्याची गरज जास्त त्याला जागा. मी तोंड धुऊन, वेणी घालून गेले. बाहेर फुलमनी बसली होती. तिलाही पलंग हवा होता, हे मला तेव्हा कळलं. बाबांनी मला बघून चष्मा सारखा केला. मला वाटलं हसतील. ते हसले नाहीत. ते फार न्यायी होते.

"माता-पिता हैं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "आहेत."

"दोनों?"

"दोघंही."

"रहने को घर?"

"आहे."

"स्कूल? दो वक़्त का खाना?"

"आहे, बाबा."

त्यांनी चष्मा काढला आणि मग मात्र मराठीत, खालच्या आवाजात म्हणाले, "मग तूच सांग रेवा, तुझा नंबर कसा लागेल? बाहेर ती फुलमनी बसली आहे. तिच्याकडे यातलं काही नाही. तू तिच्या जागी बसणार का?" मी खाली बघितलं. पुढे बाबा म्हणाले, "मला ठाऊक होतं, तू समजूतदार आहेस." फुलमनीला हाक मारली गेली. ती आत गेली ती पलंग घेऊनच बाहेर आली. तिनं मला मिठी मारली. मी दगडासारखी उभी राहिले. माझ्या बाबांसमोर उभं राहून मी माझी गरज मांडली होती आणि ती कमी पडली होती. परीक्षेत मी आजवर कधी नापास झाले नाही. तेवढी एकच.

पण अजून एक घर रिकामं होतं, सोंगटी तिथे बसवता आली असती. बाबांनी प्रश्न विचारले होते, त्यात एक राहून गेला होता. दुसऱ्या दिवशी वेणीच्या रांगेत माझा नंबर आला तेव्हा मी पुढे बघत, कोणाला ऐकू जाणार नाही असं मराठीत म्हटलं, "आई, काकू मला मारते."

आईचा हात थांबला. कंगवा केसांत तसाच. मग तिनं मराठीत विचारलं, "कशानं?"

"लाटण्यानं."

"रोज?"

"रोज."

काकूनं मला कधी टपलीसुद्धा मारली नव्हती. मला लाज वाटली का? नाही. अकरा वर्षांच्या मुलीला आई हवी असते, बाकीचं जग गेलं चुलीत. मी वाट बघत होते. मला मागे वळायचं नव्हतं, पण आईचा श्वास मानेवर लागत होता आणि तो जड झाला होता. तिनं माझी वेणी पुरी घातली. घट्ट घातली, नीट, मधला भांग सरळ काढून. रिबिनीचं फूल केलं. त्या सगळ्या सुट्टीतली ती एकच सरळ वेणी. मग घंटा झाली आणि ती उठली. मला वाटलं, जिंकले.

दिवसभर मी हवेत होते. संध्याकाळी सगळे प्रार्थनेला जमलो. समुद्रावरून वारा येत होता, पणती सारखी विझत होती आणि बाबा ती सारखी लावत होते. आई उभी राहिली. तिचे डोळे लाल होते, रडली होती ती, हे मला खात्रीनं सांगता येईल. ती म्हणाली, "बच्चों, आज हम एक बच्ची के लिए प्रार्थना करेंगे. उसको घर में रोज़ मार पड़ती है. उसके माँ-बाप उससे बहुत दूर हैं, वो उसके पास नहीं जा सकते. हम भगवान से कहेंगे कि उसको सहने की शक्ति दे." नाव घेतलं नाही. तेवढं सौजन्य होतं तिच्यात.

चाळीस मुलांनी हात जोडले. मीही जोडले. माझ्या शेजारी फुलमनी, नवा पलंग मिळालेली, त्या मार खाणाऱ्या मुलीसाठी हुंदके देऊन रडत होती. तिच्या नाकातलं पाणी तिच्या नव्या सदऱ्यावर पडत होतं. प्रार्थना संपल्यावर आईनं पाठीवरून हात फिरवला, सगळ्यांच्याच. मला मात्र जरा थांबवून म्हणाली, "सोसायला शीक, बाळा. इथल्या मुलांना याहून वाईट भोगावं लागतं. आणि हे कोणाला सांगू नकोस, मिशनमध्ये काकांचं नाव आहे." मी विचारलं, "म्हणजे मी परत जायचं?" ती म्हणाली, "मी रोज तुझं नाव घेईन."

हे मी पुष्कळ वर्षं हातात धरून उलटसुलट करून पाहिलं आहे. तिला खोटं वाटलं असतं तर मी समजू शकले असते. खोटारडी पोर, पाठवा परत. पण तिला खरं वाटलं होतं. रोज लाटण्यानं मार खाणारी आपली मुलगी, असं मानून ती रडली, आणि मानून तिनं मला पुढच्या बोटीत बसवलं. लोक म्हणतात आईचं काळीज. असेलही. माझ्या आईचं तराजूसारखं होतं, आणि त्याच्या दुसऱ्या पारड्यात कायम कोणीतरी जास्त उपाशी बसलेलं असायचं. उपाशी मुलांना जगात तोटा नाही. माझी पाळी कधी येणार होती?

इंदूरच्या स्टेशनवर काकू आली होती. "काय गं, किती सुकलीस! काय खायला देत होते की नाही तिकडे?" म्हणत तिनं मला तिथेच, गर्दीत, पोटाशी धरलं. मी काही दिवस वाट बघितली. वाटलं, आईचा फोन येईल, निदान काकूला दोन शब्द सुनावील. फोन आला. आईनं काकूचे आभार मानले, रेवाची छान काळजी घेतेस म्हणून. काकू दिवसभर खूश होती. ती वारली तेव्हा मी तिच्या उशाशी होते. लोकांनी विचारलं, मुलगी का? मी म्हटलं, हो. तेवढं एक बरं बोलले मी आयुष्यात.

बाबा बेटावरच वारले. आईचे दोन्ही गुडघे गेल्यावर मिशननं तिला मानपत्र दिलं आणि माझ्या पत्त्यावर पोचतं केलं. तीन वर्षं झाली, ती माझ्या घरात राहते. मी तिचं सगळं करते, वेळच्या वेळी. शेजारी म्हणतात, रेवाताई, पुण्य लागतं हो. बेटावरची मुलं आता मोठी झाली, कुठे कुठे नोकऱ्या करतात. ती अधूनमधून आईला भेटायला येतात, तिच्या पायांवर डोकं ठेवतात, रडतात. आईला एकूण एकाचं नाव आठवतं. कोणाला दमा होता, कोण अंथरूण ओलं करायचं, कोणाला नऊचा पाढा यायचा नाही, सगळं. चहा आणला की ती पोरं माझ्याकडे बघून विचारतात, "आप इनकी क्या लगती हैं?" मी सांगते, "मकान-मालकिन." बहुतेकांना खरं वाटतं.

फुलमनीनं मात्र मला पहिल्या झटक्यात ओळखलं. "रेवा दीदी! छुट्टियों वाली!" म्हणाली. पाहुणी म्हणूनच ओळखलं, पण ओळखलं. ती नर्स आहे. तिच्या नवऱ्याला इंदूरजवळ सिमरोलला कॉलेजच्या कॅम्पसमध्ये काम मिळालं, म्हणून गेल्या वर्षी ती इकडे आली. रविवारी येते, आईच्या गुडघ्यांना तेल लावते, जाताना माझा ओटा पुसून जाते. तिचा राग करायचा मी फार प्रयत्न केला. जमत नाही.

गेल्या रविवारी ती आली तेव्हा समोरच्या बाल्कनीत सुटकेसी वाळत होत्या. आईचे पाय मांडीवर घेऊन ती जुन्या गोष्टी काढत बसली होती. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. तिचा आवाज आला, "आई, मुझे एक बात हमेशा याद आती है. मैं जब नई-नई हॉस्टल में आई थी ना, आपने एक लड़की के लिए प्रार्थना करवाई थी. जिसको घर में मार पड़ती थी. मैं इतना रोई थी. वो कौन थी, आई?"

मी गाळणं तसंच धरून उभी राहिले. मग ट्रे उचलून बाहेर आले, कारण मला आईचा चेहरा बघायचा होता. जवळजवळ तीस वर्षं मी या एका प्रश्नाची वाट बघत होते आणि तो दुसऱ्याच कोणीतरी, सहज, तेल लावता लावता विचारला होता.

आईनं कपाळाला आठ्या घातल्या. आठवत होती. "थी एक," ती म्हणाली. "बिचारी. बेलन से मारते थे उसको. अपने टापू की नहीं थी शायद. नाम... नाम नहीं आ रहा." तिनं डोळे मिटले, पुन्हा उघडले. मी तिच्या चेहऱ्यावर काही लपवल्याची खूण शोधली, अगदी जवळ जाऊन शोधली. काही नव्हतं. तिला खरंच आठवत नव्हतं. नऊचा पाढा न येणारा पोरगा तिला आठवत होता.

"फिर उसका क्या हुआ?" फुलमनीनं विचारलं.

"पता नहीं बेटी," आई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, खरे अश्रू, मला ते ओळखू येतात. "मैं तो बहुत दिन उसका नाम लेती रही प्रार्थना में. फिर इतने बच्चे आए..."

मी ट्रे खाली ठेवला. म्हटलं, "वो ठीक है. यहीं इंदौर में रहती है."

आई माझ्याकडे वळली. तिचा चेहरा एकदम उजळला. इतकी वर्षं मी तो असा माझ्याकडे वळण्याची वाट बघितली होती. तिनं माझा हात धरला, दोन्ही हातांनी, घट्ट.

"तुला माहीत आहे ती?" ती मराठीत म्हणाली. "मग तिला एकदा घरी आण की गं. मला बघायचंय तिला."

"विचारते," मी म्हटलं.